हरळीचा मानपान

बारामती तालुक्याच्या पश्चिम अंगाला मोरगावचा मयूरेश्वर आणि इंदापूर तालुक्याच्या अगदी पूर्व टोकाला, जिथे नीरा भीमेला मिळते, तिथे नरसिंहपूरचा लक्ष्मीनरसिंह. दोघांत अंतर शंभरेक किलोमीटर. पहिल्याला दूर्वा लागतात. दुसऱ्याच्या घाटावर पितरांची कामं चालतात, त्यांना दर्भ लागतो. आणि मधल्या मुलखात जे हिरवंगार दिसतं, ज्याच्यावर कारखाने चालतात, निवडणुका लढवल्या जातात आणि पोरांच्या पुण्यातल्या कॉलेजांच्या फिया भरल्या जातात, तो ऊस. तोही गवतच. ज्वारी गवत, बाजरी गवत, गहू गवत. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं पाहिलं तर इथले देव, पितर, माणसं, गुरंढोरं आणि आमदार असे सगळेच गवतावर जगतात. तरी एखाद्याला कमी लेखायचं झालं की आपण त्याला तृणवत् लेखतो, आणि कुणी उगाच शेफारला की गवताला भाले फुटले म्हणतो.

ह्या गोतावळ्यात सगळ्यांत विचित्र नशीब हरळीचं. शेतकऱ्याला विचाराल तर तिच्यासारखी वैरीण नाही. जमिनीवर धावते ती वेगळी आणि जमिनीखालून पळते ती वेगळी. वरून कापली की खालून फुटते. खालून खणली की तुटलेलं प्रत्येक पेर स्वतंत्र संसार मांडतं. काळ्या रानात शिरली की उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं दोन महिने उन्हात तापू द्यायची, मग तिच्या जमिनीखालच्या काशा वेचून बांधावर ढीग घालायचे. वेचणाऱ्याची कंबर मोडते. हरळी मात्र बांधावर पडल्या पडल्या वळवाच्या पहिल्या सरीची वाट बघते आणि पाऊस आला की गुपचूप बांध उतरून परत रानात येते. मुलगी द्यायला आलेले पाहुणे रान बघायला गेले, तर विहिरीआधी हरळी किती आहे ते बघत, असं जुनी माणसं सांगतात. विहीर खणता येते. हरळीचं तसं नाही.

त्याच घरात, त्याच हरळीच्या कोवळ्या शेंड्यांची, म्हणजे दूर्वांची, जुडी बांधून आजी देवघरात बसलेली असते. सकाळी जिला आजोबांनी कुदळीनं शिव्या देत उपटलं, ती संध्याकाळी गणपतीच्या मस्तकावर. तिच्यासारखा वंश वाढो, असा आशीर्वादही देतात. हा आशीर्वाद पहिल्यांदा ज्यानं दिला त्याला शेतीचा अनुभव असणार हे नक्की. हरळी काढता निघत नाही हे कळल्याखेरीज कुणी अशी उपमा निवडणार नाही.

गणपतीच्या दूर्वांची कथा गणेशपुराणात आहे. अनलासुर नावाचा आगीचा राक्षस गणपतीनं गिळला आणि पोटात आग पडली. इंद्रानं चंद्र दिला, विष्णूनं कमळ दिलं, वरुणानं पाणी ओतलं, शंकरानं नाग दिला; काही उतार पडेना. शेवटी 88,000 ऋषी आले आणि प्रत्येकानं एकवीस दूर्वा वाहिल्या, तेव्हा कुठं पोट निवलं. गुणाकार करून पाहा: 18,48,000 दूर्वा. एवढी हरळी एका दमात निघाली, म्हणजे त्या ऋषींच्या आश्रमातल्या शेतीची काय अवस्था असेल, ह्याबद्दल पुराणकार गप्प आहेत. मला वाटतं, गणपतीचं पोट निवलं त्याहून जास्त समाधान त्या आश्रमांतल्या बैलांना झालं असेल.

ह्या दूर्वांचे नियमही काटेकोर. कोवळ्या हव्यात, तीन किंवा पाच पात्यांच्या हव्यात, तुरा आलेल्या नकोत. मोरगावला देवळाबाहेर बसलेल्या बाया हे सगळं तोंडपाठ सांगतात आणि बोलता बोलता जुड्या बांधतात. त्यांच्या बोटांना काडी न मोजता एकवीस कळतात. आम्ही शहरातले लोक घरी नेऊन परत मोजतो.

आता हरळीच्या तिसऱ्या अवताराकडे वळू. इंदापूर-बारामतीकडे उसाचे पैसे आले, बंगले झाले, आणि बंगल्यापुढे लॉन नसलं तर बंगला अर्धाच राहिला असं वाटू लागलं. नर्सरीत गेलं की चौरस फुटाच्या भावानं गवत मिळतं: मेक्सिकन, कार्पेट, सिलेक्शन वन, बर्म्युडा. एका ओळखीच्या बागायतदाराच्या मुलानं बर्म्युडा आणली. टेम्पोतून गवताच्या गुंडाळ्या उतरल्या तेव्हा त्याचे वडील ओट्यावर बसले होते. ते उठले, खाली वाकले, एक काडी उपटून दातात धरली आणि म्हणाले, "आरं, ही तर हरळी हाय."

"आप्पा, ही बर्म्युडा आहे."

"मग आपल्या मळ्यात दीड एकर बर्म्युडा हाय. आधी सांगितलं असतंस तर भाडं वाचलं असतं."

आप्पांचं चुकत नव्हतं. बर्म्युडा ही हरळीच, किंवा फार तर हरळीची शिकलीसवरलेली लेक. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन ह्या गावी ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं हरळीचा आफ्रिकेतल्या एका बारीक पात्याच्या चुलतबहिणीशी संकर घडवला आणि गोल्फच्या व खेळाच्या मैदानांसाठी वाण काढले. त्यातला टिफवे 419 हा 1960 साली आला आणि जगभरच्या मैदानांवर पसरला. ह्या वाणाला रुजणारं बी धरत नाही. तुकडे लावूनच तो वाढवावा लागतो. म्हणजे आप्पांच्या मळ्यात जे काम हरळी आपण होऊन, फुकट आणि मनाई असताना करते, त्याच कामाचं तिथं बिल होतं. बर्टनसाहेबांना कमी लेखण्याचा हेतू नाही. वैऱ्याला मांडीवर घेऊन त्याला वळण लावायचं तर धीर लागतोच. तिकडच्या शेतकऱ्यांचंही हरळीबद्दलचं मत आप्पांसारखंच आहे. सैतानाचं गवत असं तिचं एक नाव अमेरिकेत चालतं.

त्यामुळं टेक्सास-जॉर्जियातल्या मराठी घरांतून गणेश चतुर्थीला एक गंमत होते. दूर्वा आणायला म्हणून मंडळी गाडी काढून भारतीय दुकानात जातात, प्लॅस्टिकच्या पिशवीतली मलूल जुडी डॉलर मोजून घेतात आणि घरी येऊन गाडी लावतात ती थेट हरळीच्या कडेला. दारापुढचं सगळं अंगण तेच असतं! कुणीतरी देशातून आलेली आई सकाळी त्या लॉनवर उकिडवी बसून दूर्वा खुडू लागते आणि शेजारचा गोरा गृहस्थ काळजीनं विचारतो, काही हरवलं आहे का. सून मात्र धावत येऊन थांबवते. कारण त्या लॉनवर तणनाशक, कीटकनाशक, आणखी कसकसली औषधं मारलेली असतात. अनलासुर पचवलेल्या देवाला तेवढं सोसेलही, पण नैवेद्य शेवटी घरचेच खाणार.

नरसिंहपूरला गेलं की हरळी मागं पडते आणि दर्भाचं राज्य सुरू होतं. गाव इंदापूर तालुक्यातलं, पण नदी ओलांडली की माळशिरस आणि माढा, म्हणजे सोलापूर जिल्हा. प्रल्हादानं इथं वाळूची मूर्ती करून नरसिंह पूजला अशी आख्यायिका. देऊळ भक्कम, घाट भक्कम, संगमाच्या बाजूनं पाहिलं तर किल्ल्याची भिंत वाटावी असं बांधकाम. बऱ्याच घराण्यांचं हे कुलदैवत असल्यानं सुट्ट्यांत घाट माणसांनी भरतो. एरवी भीमेच्या पात्रात काय आहे आणि काय नाही हे वर उजनीच्या दारांवर अवलंबून.

दर्भ हे हरळीच्या उलट स्वभावाचं गवत. हरळी अंग चोरून सरपटते. दर्भ ताठ उभा. पात्याची कड अशी धारदार की उलटा हात फिरला तर रक्त निघतं. गरुडानं अमृताचा कुंभ दर्भावर ठेवला, इंद्रानं तो पळवला, आणि काही सांडलं असेल ह्या आशेनं सापांनी दर्भ चाटला म्हणून त्यांच्या जिभा चिरल्या, ही महाभारतातली गोष्ट ज्यानं रचली त्याचं बोट आधी चिरलेलं असणार. ह्या दर्भाची अंगठी, पवित्रक, अनामिकेत घातल्याशिवाय धर्मकार्य पुढं सरकत नाही. दर्भ उपटायचाही मुहूर्त आहे: श्रावणातली अमावास्या, दर्भग्रहणी. त्या दिवशी उपटलेला वर्षभर चालतो. इतर अमावास्येचा महिनाभरच. खाद्यपदार्थांवर शेवटची तारीख छापायची पद्धत नंतर आली, आपल्याकडं ती गवताला आधीपासून आहे. ग्रहणात लोणच्याच्या बरणीवर दर्भाची काडी ठेवतात ती वेगळीच. आमच्याकडं एक वयस्कर गुरुजी येत. यजमानाच्या बोटात पवित्रक बसेना की ते हसून म्हणत, "बोट जाडं झालं तुमचं, दर्भ तेवढाच आहे."

देव आणि पितर झाले. उरलेल्या गवताला मात्र आपल्याकडं मालक नाही, मानही नाही. बारामती, इंदापूर, दौंडचा उंचवटा म्हणजे माळ. पर्जन्यछायेतला प्रदेश, वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस, हातभर मुरूम, खाली खडक. मोठी झाडं इथं उभी राहिली नाहीत ती कुणी तोडली म्हणूनच नव्हे. बऱ्याच ठिकाणी हा देश गवताचाच होता. कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल. त्यात चिंकारा, खोकड, तरस, लांडगा. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात आणि रात्री झाडावर न जाता गवतातच मुक्काम करतात. एवढा सगळा संसार असलेल्या जमिनीला सरकारी कागदांत वर्षानुवर्षं एकच शेरा मिळाला: पडीक. मग पडीक जमिनीचं भलं करायचं म्हणून कुठं गिरीपुष्प लावलं, कुठं सुबाभूळ. चिंकाऱ्याला दूरवर दिसावं लागतं, म्हणजे लांडगा वेळेत कळतो. त्याच्या डोळ्यांपुढं आपण सावली उभी केली. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात गवत लावताना फोटो निघत नाही, हेही कारण असेल.

अलीकडं वारं थोडं फिरलं आहे. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य 1997 पासून आहे, क्षेत्र सव्वापाच चौरस किलोमीटरही नाही. आणि आता कडबनवाडी आणि शिर्सुफळला वन खात्यानं गवताळ सफारी सुरू केली आहे. पुण्याचे लोक पैसे भरून गवत बघायला येतात, हे ऐकून गावातली माणसं आधी हसली आणि मग गाईड झाली.

सफारीहून परतलेला माणूस ओळखायची खूण म्हणजे त्याचे मोजे. कार्तिकात माळावरून चालून आलात की घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कुसळं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं अशी म्हण आपण सहज वापरतो, पण मोज्यातलं कुसळ काढायला बसलं की कळतं, दिसणं वेगळं आणि निघणं वेगळं. कुसळीचं बी म्हणजे पुढं टोक आणि मागं लांब पिळलेली शेपटी. हवा दमट झाली की पीळ सुटतो, कोरडी झाली की परत बसतो. रात्रीच्या दवानं आणि दिवसाच्या उन्हानं ही शेपटी गरगरा फिरते आणि बी जमिनीत भोक पाडत उतरतं. ना बॅटरी ना माणूस. जमीन मिळाली नाही तर मेंढीच्या लोकरीत आणि कातडीतही उतरतं, म्हणून मेंढपाळ कुसळी तुऱ्यावर यायच्या आत चारून घेतात.

ही आपली कुसळी फार हिंडलेली आहे. हवाई बेटांवर तिला पिली म्हणतात आणि तिथली जुनी घरं तिच्यानंच शाकारलेली असत. टेक्सासच्या गवताळ कुरणांतही ती मूळची रहिवासी. आणि तिच्या शेजारी आपला मारवेल, ज्याच्या सुधारित वाणांची ठोंबं राहुरीच्या कृषी विद्यापीठातून शेतकरी कौतुकानं आणतात, तो टेक्सासात आगंतुक म्हणून बदनाम आहे. मूळच्या गवतांना दाबतो अशी त्याच्याविरुद्ध तक्रार. आपण बिचाऱ्याची बाजू घ्यावी म्हटलं तर आपल्या बांधावरचं गाजर गवत आठवतं. ते मूळचं अमेरिका खंडातलं, 1950च्या दशकात पुण्यात नजरेत भरलं. फिटंफाट.

तिकडं प्रेअरीच्या मुलखात आता काही लोक विलायती लॉन काढून मूळचं बफेलो गवत लावतात. बुटकं, करडं-हिरवं, पाणी कमी पिणारं, कापायला फारसं न लागणारं. ह्याच गवतावर एके काळी बायसनचे प्रचंड कळप जगले आणि नेब्रास्काकडं लाकूड मिळेना तेव्हा वसाहतीला आलेल्यांनी कुरणाच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीच्या ढेपा रचून घरं बांधली. भिंती म्हणजे कुरणच. पावसात छतातून चिखल गळे. आपल्याकडं असं गवत दारात लावायचं म्हटलं तर कुसळीचं लॉन कुणी करणार नाही, हे मान्य. पण पाचशे मिलिमीटरच्या गावात टँकर लावून कार्पेट हिरवं ठेवायचं, ह्यात शहाणपण काय आहे ते मला आप्पांनी समजावून सांगावं. त्यांनाही सांगता आलं नाही. ते म्हणाले, सुनंच्या माहेरी हाय.

पाण्याचा विषय निघाला की उसाला टाळता येत नाही. 1876-77च्या दुष्काळानं हा भाग होरपळला आणि त्यानंतर 1885च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. माळ बघता बघता मळा झाला. उसाला शेतकरी पीक म्हणतो, बाप म्हणतो, गवत म्हणत नाही. पण उसाच्या घराण्यात गवत फार जवळचं आहे. कोइमतूरच्या पैदास केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन ह्यांनी जाड, गोड, नाजूक उसाचा संकर नदीकाठी पांढरे तुरे हलवत उभ्या असणाऱ्या रानटी काश गवताशी केला आणि 1918 साली को 205 हा वाण बाहेर आला. रोगाला तोंड देण्याची आणि हाल सोसण्याची ताकद त्या रानटी सोयऱ्याकडून आली. पुढच्या बहुतेक उसात हेच रक्त आहे. 1932 पासून पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आहे आणि महाराष्ट्रात गाजलेल्या को 86032 ह्या वाणाला नावही 'नीरा'च दिलेलं. नीरेच्या काठी काश उगवतो, नीरेच्या पाण्यावर नीरा पिकतो, आणि बागायतदार बांधावरचा काश पेटवून देतो. सोयऱ्याची ओळख न देण्याची रीत श्रीमंतीत असतेच.

गवताचा खरा जाणकार मात्र वेगळा: मेंढरं राखणारा धनगर. आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडं निघते तेव्हा काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. शेकडो मेंढ्या पालखीभोवती धावतात. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळा वाचतो, हे ज्यांनी सांगून ठेवलं त्यांना मेंढ्यांनी प्रदक्षिणा घालावी, हे मला फार रास्त वाटतं. (लव्हाळा हे गवत नव्हे, असं वनस्पतिशास्त्रवाले म्हणतात. म्हणोत.) पाऊसकाळभर ह्या धनगरांचे कळप घरच्या माळावर असतात, दिवाळी झाली की कोकणाकडं सरकतात.

आणि पाऊसकाळातच गावाकडच्या 'लॉन्स'चा धंदा बसतो. लॉन्स म्हणजे मंगल कार्यालय. छत कमी, गवत जास्त. चातुर्मासात लग्नं नाहीत, आणि गवत नेमकं तेव्हाच वाढतं. हायवेलगतच्या अशाच एका लॉन्सच्या मालकानं श्रावणात डोकं लढवलं. कापणीचा खर्च वाचावा म्हणून वाटेनं जाणाऱ्या म्हाताऱ्या मेंढक्याला हाक मारली आणि कळप आत घाल म्हणाला.

म्हाताऱ्यानं काठीवर हनुवटी टेकवली. "बसवायच्या का मेंढ्या? किती रात्री? धान्य देनार का पैसं?"

शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडीखताबद्दल शेतकऱ्यानं काहीतरी द्यायचं, ही ह्या भागातली जुनी रीत. मालकाला ती माहीत होती, पण इथं लागू होईल असं वाटलं नव्हतं. "बाबा, गवत माझं. चरणार तुमच्या मेंढ्या. वर पैसेही मीच द्यायचे?"

"मग लेंड्या काय फुकट पडत्यात व्हय?"

बराच वेळ घासाघीस झाली. मालक अर्ध्या पायलीवर आला, म्हातारा चहावर आला, आणि सौदा जुळणार एवढ्यात म्हातारा खाली बसला, मूठभर गवत उपटलं, चुरगाळून नाकाशी धरलं.

"औषिद मारलंय का ह्याला?"

"मारलंय म्हणजे?" मालक अभिमानानं म्हणाला. "दर महिन्याला पुण्याहून माणूस येतो."

म्हातारा उठला. त्यानं शीळ घातली आणि कळप फाटकावरून माळाकडं वळला. "मग ऱ्हाऊ द्या मालक," तो जाता जाता म्हणाला, "हे तुमच्या लग्नाच्या पाव्हण्यांनाच चारा."